लहान ओढ्यातला स्टीलहेड: चढतं पाणी सोडा, उतरतं धरा

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या बीव्हर्टनहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: तीन हिवाळे दर शनिवारी विल्सन नदीवर जाऊन झालं, स्टीलहेड एकदाही गळाला लागला नाही. काठावर माणसांची रांग, मधून होड्या. त्यापेक्षा ऑरेगनच्या किनाऱ्यालगतच्या लहान क्रीकवर गेलं तर? कधी जावं, सामान काय न्यावं, आणि दहा वर्षांच्या मुलाला सोबत नेता येईल का?

जरूर जा. फक्त शनिवार डोक्यातून काढा. लहान ओढ्यावर कधी जायचं ते पाऊस ठरवतो, आणि तो दिवस बहुधा मंगळवार असतो, त्यातही नेमकी मीटिंग असलेला.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे क्रीक म्हटलं की ठाण्याची नाहीतर धरमतरची खाडी डोळ्यांसमोर येते: खारं पाणी, चिखल, तिवरं. इथे क्रीक म्हणजे ओढा, कोकणात ज्याला व्हाळ म्हणतात तो. कोस्ट रेंजच्या डोंगरात उगम, तीस-चाळीस किलोमीटरच्या आत समुद्राला, उपसागराला किंवा मोठ्या नदीला मिळून मोकळा. निकॅनिकम, मायामी, किल्चिस यांना नकाशावर नद्या म्हटलंय, पण वरच्या अंगाला ते ओढेच. दहा-पंधरा पावलांत पलीकडचा काठ.

आणि मासा? स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. पिल्लू साधारण दोन वर्षं ओढ्यात काढतं, मग समुद्रात उतरतं, तिथे एक ते तीन वर्षं खाऊन-पिऊन चार-पाच किलोचं धूड होऊन आपल्याच ओढ्यात अंडी घालायला परततं. बहुतेक पॅसिफिक सॅमन विणीनंतर मरतात, स्टीलहेडमधले काही मात्र पुन्हा समुद्र गाठतात आणि पुन्हा येतात. हिवाळी जातीचे मासे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात आत शिरतात. हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातून सोडलेले मासे बहुतेक लवकर, म्हणजे नाताळच्या आगेमागे येतात. ओढ्यातच जन्मलेले, ज्यांना इथे सगळे वाइल्ड म्हणतात, ते जानेवारीनंतर.

आता मुद्द्याचं. मी माणगावकडचा. आमच्या काळ नदीला पहिल्या मोठ्या पावसात लाल पाणी आलं की रात्री बत्त्या घेऊन अख्खी वाडी शेताच्या बांधांवर. वलगणीचे मासे! रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे त्यांनाच चढणीचे मासे म्हणतात. गाबोळीने भरलेले मासे प्रवाहाच्या उलटे, ओहोळांतून थेट भातखाचरांत चढतात आणि लोक ते टोपलीने, पागाने, हाताला येईल त्याने धरतात. ही सवय माझ्या हाडीमाशी मुरलेली. ऑरेगनला आल्यावर पहिले दोन हिवाळे मी तेच केलं. पाऊस कोसळायला लागला, ओढ्याचा चहा झाला की गाडी काढायची. मासे त्या पाण्यात वर चढत असतातच, तो अंदाज बरोबर होता. पण टोपलीने धरायला माशाची संमती लागत नाही. गळाला ती लागते.

गळाला लागायचा तर माशाने आधी कुठेतरी थांबायला हवं, मग आमिष त्याला दिसायला हवं, आणि मग ते तोंडात घ्यावंसं वाटायला हवं. चढत्या पाण्यात पहिल्या दोनच गोष्टी जमत नाहीत. मासा काठाकाठाने, प्रवाह मऊ असेल तिथून सरकत असतो. पाण्यात पानं, काड्या, माती, त्यामुळे वीतभर पुढचं दिसत नाही. पाऊस थांबला, पाणी उतरू लागलं, की काठाचं पाणी पातळ होतं, मासा मधल्या खोलगट जागी येऊन दम खातो. पाणी निवळत जातं तसं त्याला दिसायला लागतं, आणि पाण्याला अजून रंग असल्याने तो बिनधास्त असतो. आणखी उतरलं आणि पाणी काचेसारखं झालं, की तोच मासा ओंडक्याखाली दडतो आणि दिवसभर बाहेर येत नाही. म्हणजे पुरापासून काचेपर्यंत मधे एक खिडकी उघडते. मोठ्या नदीत ती चार-पाच दिवस उघडी राहते, निहेलमसारख्या लांबलचक नदीत तर उघडायलाच आठवडा लागतो. लहान ओढ्यात ती दीड दिवसाची. कधी एका दुपारची. वलगण चढत्या पाण्याची, स्टीलहेड उतरत्या पाण्याचा. हे समजायला मला दोन हिवाळे लागले. तुमचा तिसरा संपलाय, तेव्हा फार मागे नाही तुम्ही.

ही खिडकी घरबसल्या ओळखता येते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने नद्यांवर पाणीपातळी मोजणारी यंत्रं बसवली आहेत आणि त्यांचे आलेख इंटरनेटवर फुकट दिसतात. टिलामूकजवळ विल्सनवर असं एक यंत्र आहे. शिवाय नॉर्थवेस्ट रिव्हर फोरकास्ट सेंटर पुढच्या काही दिवसांचा अंदाजही देतं. बहुतेक लहान ओढ्यांवर यंत्र नसतं, त्यामुळे शेजारच्या मोठ्या नदीवरून ताडायचं. माझा ठोकताळा असा: विल्सनच्या आलेखाचं टोक येऊन गेलं, रेषा खाली वळली आणि पातळी साधारण साडेसहा फुटांच्या खाली आली, की मी ओढ्याकडे निघतो. विल्सनवर तेव्हा अजून गढूळच असतं. ती पाच फुटांवर आली, मंडळी तिथे रांगा लावू लागली, की माझा ओढा आटोपलेला असतो. मग मीही त्या रांगेत. हे आकडे पोथी म्हणून घेऊ नका. पाऊस थंड होता की कोमट, आदल्या आठवड्यात जमीन किती भिजली होती, वरच्या अंगाला नुकतीच झाडतोड झालीय का, यावर दर खेपेला फरक पडतो.

खरी पक्की खूण ओढ्याजवळच करायची. पहिल्या भेटीत एक कातळ नाहीतर पुलाचा खांब हेरून ठेवा. माझ्या एका ओढ्यावर पुलाखाली टेबलाएवढा खडक आहे. त्याचा माथा ओला पण उघडा दिसला तर थांबायचं. माथ्यावरून पाणी जात असेल तर थर्मासमधला चहा पिऊन घरी. खडकाची कंबर कोरडी दिसली तर उशीर झाला. दहा वर्षांत त्या खडकाने मला क्वचितच फसवलंय, हवामान खात्याबद्दल असं म्हणता येणार नाही.

रंगाची पारख शब्दांत सांगणं कठीण. इथले गळकरी स्टीलहेड ग्रीन म्हणतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून बुटाचं टोक अंधुक दिसावं, बुटाची नाडी दिसू नये, इतपत. हिरवट, शेवाळी छटा. आपल्याकडे आश्विनात पाऊस सरल्यावर विहिरीचं पाणी दिसतं त्याच्या जवळपास.

समुद्राची भरतीही लक्षात घ्या. ओढा थेट वाळूवर किंवा लहान खाडीत उतरत असेल तर मासे भरतीबरोबर आत सरकतात. पुराच्या वेळी पाणी मुबलक असलं की ते फार थांबत नाहीत, पण पाणी ओसरताना आलेली भरती धरून जे आत येतात ते खारं पाणी संपतं तिथून वरच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये सापडतात. अंगावर अजून समुद्राची चांदी असलेले, शेपटीजवळ कधी समुद्री उवा चिकटलेल्या. कॅलिफोर्नियात तर अनेक ओढ्यांच्या मुखाशी उन्हाळ्यात वाळूचा बांधच पडतो, आणि पहिल्या जोरदार पावसात तो फुटल्यावर दार उघडतं. सांताक्रूझजवळच्या वॉडेल क्रीकवर १९३३ पासून जवळपास दहा वर्षं शापोव्हालोव्ह आणि टॅफ्ट यांनी चढणारे-उतरणारे मासे मोजले, त्यांचा १९५४ चा अहवाल आजही या विषयात पायाभूत मानला जातो. इतक्याशा ओढ्यात इतकं काही घडतं, हे त्यातून पहिल्यांदा नीट कळलं. तिकडचे बरेचसे लहान ओढे मासेमारीला बंद आहेत. मध्य कॅलिफोर्निया किनाऱ्याचा स्टीलहेड १९९७ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

ओढ्यात मासा नेमका कुठे? विल्सनवर तुम्ही लांबलचक डोह बघत असाल. इथे मोठा डोह मिळाला तरी मधला भाग सोडून द्या. बघायच्या जागा तीन. एक, डोहाचं शेपूट, म्हणजे खोल पाणी वर येऊन पुढच्या खळाळात घसरण्याआधीचा सपाट भाग. खालचा खळाळ चढून आलेला मासा तिथेच पहिला थांबतो. दोन, मोठ्या खडकाच्या पुढची उशी आणि मागची सावली. लोक मागेच टाकतात, पण पुढेही पाणी खडकावर आपटून मऊ झालेलं असतं आणि मासा तिथे आरामात टेकतो. तीन, जिथे वेगवान धार आणि संथ पाणी यांच्यामध्ये शिवण दिसते ती रेघ. खोली कमरेएवढी पुरे, आणि पाण्याचा वेग तुम्ही जेवणानंतर शतपावली घालता तेवढा. गुडघाभर पाण्यातही मासा असतो, फक्त वरची लाट इतकी मोडलेली हवी की त्याला छप्पर मिळावं. मोठ्या नदीवरून आलेला माणूस असं पाणी हटकून तुडवतो. मी तुडवलंय, आणि माझ्या डाव्या बुटाजवळून हातभर लांबीची सावली सटकताना पाहिलीय.

चौथी जागा म्हणजे ओंडक्यांचा अडसर. त्याबद्दल जरा लांबण लावतो, कारण ओढ्याचा जीव त्यातच आहे. टिलामूकच्या डोंगरात १९३३, १९३९, १९४५ आणि १९५१ असे चार मोठे वणवे लागले. टिलामूक बर्न म्हणतात त्याला. जुनी प्रचंड झाडं गेली. त्यावर कहर म्हणजे पुढच्या काही दशकांत ओढ्यांत पडलेले ओंडके माशांना अडथळा होतात असं समजून सरकारनेच ते साफ करवले. ओढे मोऱ्यांसारखे सरळ झाले, गोटे वाहून गेले, पिल्लांना पुरात आडोसा उरला नाही. चूक उमगल्यावर आता तेच सरकार आणि स्थानिक संस्था ट्रकने, कधी हेलिकॉप्टरने ओंडके आणून पुन्हा ओढ्यात टाकतात. तेव्हा अशा अडसरात तुमचा तिसरा जिग (शिशाच्या डोक्याचा, पिसांनी सजवलेला गळ) अडकून तुटला की शिवी घालताना एवढं आठवा. मासा ओंडक्याच्या खाली असतो, पण आमिष खाली ढकलायला जाऊ नका. वरच्या तोंडाला, पाणी आत ओढलं जातं त्याच्या दोन हात अलीकडे फ्लोटचा, म्हणजे आमिष पेलणाऱ्या तरंगत्या बुचाचा, प्रवास संपवा. त्याला हवं असेल तर तो बाहेर येऊन घेतो.

चाल ही सामानापेक्षा महत्त्वाची. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालून वर जा. कोणत्याही जागी पहिले तीन फेक काठापासून दोन पावलं मागून, पाण्यात पाय न घालता. वाकून चाला, कोणी बघून हसलं तर हसू द्या. बुटाचे खिळे दगडावर घासले की तो आवाज पाण्यातून दूर जातो. गडद कपडे, ध्रुवित काचांचा चष्मा. एका जागी सहा-सात फेक, फार तर दहा. काही घडलं नाही तर पुढे. विल्सनवर एका डोहाशी चार तास उभं राहणं हा अंगवळणी पडलेला भाग आहे. ओढ्यावर दिवसात तीन-चार किलोमीटर चालणं होतं, आणि बहुतेक चालणं सॅमनबेरीच्या काटेरी जाळीतून. दोघं गेलात तर एकाआड एक जागा वाटून घ्या. तिघं गेलात तर एक जण उगाच आलाय.

सामान साधं. साडेआठ-नऊ फुटी रॉड, आठ ते बारा पाउंडांच्या तंगुसासाठीचा. ओढ्यावर अल्डरच्या फांद्या डोक्यावर असतात, दहा फुटी रॉडने कावळे हाकाल. माझं मत बहुतेकांच्या उलट आहे: पाणी लहान म्हणून तंगूस बारीक करू नका. नदीत मासा शंभर मीटर पळाला तरी त्याच्यामागे जाता येतं, ओढ्यात वीस मीटरवर ओंडका असतो आणि तिथे त्याला थांबवावंच लागतं. मुख्य तंगूस बारा-पंधरा पाउंडांचा, पुढचा फ्लोरोकार्बनचा तुकडा दहाचा. पाणी अगदी निवळलं तर आठ, त्याखाली नाही.

त्यापुढे फ्लोट, फ्लोटखाली एक अष्टमांश औंसाचा जिग, गुलाबी किंवा गुलाबी-पांढरा. माझ्या लहान ओढ्यांतल्या बहुतेक माशांनी हाच घेतलाय. जिग तळापासून वीतभर वर तरंगू द्या. स्टीलहेड वर बघतो, खाली वाकून उचलायला त्याला आवडत नाही. फ्लोट पाण्याच्या वेगानेच वाहायला हवा. तंगुसाचं पोट धारेत अडकून फ्लोट ओढला जाऊ लागला की आमिष खोटं ठरलं, रॉडचं टोक उचलून तंगूस वरच्या बाजूला टाकत राहा. लहान पाण्यात फेक सहा-सात मीटरचाच असतो, त्यामुळे हे विल्सनपेक्षा इथे कितीतरी सोपं जातं. दुसरा पर्याय मणी. माशाच्या अंड्यासारखा दिसणारा गोल मणी तंगुसात ओवून गळाच्या दोन इंच वर काडीने पक्का करायचा. गढुळलेल्या पाण्यात बारा मिलिमीटरचा, स्वच्छ पाण्यात आठचा. पाणी थोडं जास्त चढलेलं असेल तर तीन किंवा चार नंबरचा स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं धातूचं आमिष, संथपणे आडवा ओढा. आणखी डबे भरून नेऊ नका, जाळीत तेच अडकतात.

आता गाबोळी. स्टीलहेडला अंडी हे सर्वांत मोहाचं आमिष. पहिल्यांदा हॅचरीची मादी मिळाली तेव्हा मी तिची गाबोळी मराठी माणसाप्रमाणे हळद-तिखट लावून तव्यावर परतली. शेजारच्या गळकऱ्याने हे ऐकून जो चेहरा केला तो अजून डोळ्यांसमोर आहे. ते लोक बोरॅक्स, साखर आणि बिनआयोडीनचं मीठ लावून ती रात्रभर मुरवतात, बोराएवढे तुकडे करतात आणि हिवाळाभर जपून वापरतात. तेव्हापासून घरात अर्धी तव्याला, अर्धी गळाला असा तह आहे. बोरॅक्स लावलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवलीत तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, पाहुणे येतात. एक मात्र सांगतो, वाइल्ड मासेच असलेल्या ओढ्यावर मी गाबोळी लावत नाही. मासा ती खोल गिळतो आणि सोडताना रक्त येतं. वॉशिंग्टन राज्याने २०२० च्या डिसेंबरपासून ऑलिंपिक द्वीपकल्पातल्या नद्यांवर खरं आमिष बंद केलं आणि होडीतून गळ टाकणंही थांबवलं, कारण परतणारे मासे घटले होते. ऑरेगनमध्ये कुठे काय चालतं ते पुढे येतंच.

मासा लागला तर काय, हे फेकण्याआधी ठरवा. आणायचा कुठे? खाली संथ, उथळ कोपरा कुठला? मधे फांदी आहे का? आधी पाहून ठेवलं नसेल तर बहुतेक वेळा हातात तुटका तंगूस राहतो. मासा ओंडक्याकडे निघाला की रॉड वर उभा धरू नका, आडवा, पाण्याला समांतर धरून बाजूला ओढा. डोकं वळलं की शरीर वळतं. वर ओढलं की तो पाण्यावर येऊन उड्या घेतो, ते दिसायला छान, पण लहान ओढ्यात एक उडी फांदीत जाते. खाली पळाला तर तुम्हीही पळा, जपून. खळाळ उतरून गेला आणि तुम्ही वरच राहिलात तर संपलं.

तो हातात आल्यावर पाठीवर, शेपटीच्या थोडं आधी, लहानसा मांसल पर आहे का बघा. तो कापलेला असेल, तिथे भरलेली खूण असेल, तर मासा हॅचरीचा. निकॅनिकममध्ये आणि निहेलमच्या उत्तर फाट्यात असे मासे सोडले जातात. नियमाप्रमाणे टॅगवर, म्हणजे धरलेल्या माशांच्या नोंदपत्रावर, नोंद करून घरी न्या आणि कोकम घालून कालवण करा, मांस केशरी आणि तेलकट असतं, सुरमईसारखं कुरकुरीत तळायला जाऊ नका. पर शाबूत असेल तर वाइल्ड. उत्तर किनाऱ्यावर तो परत सोडायचाच, आणि किल्चिस, मायामीसारख्या ठिकाणी बहुतेक हाच भेटतो. बिनकाट्याचा गळ वापरला असेल तर पक्कडीने एका पिळात निघतो. मासा पाण्याबाहेर काढू नका, गोट्यांवर ओढू नका, कल्ल्यांत बोटं घालू नका. फोटो हवाच असेल तर पाण्यात असतानाच. शेपटीच्या मुळाशी धरून प्रवाहाकडे तोंड करून ठेवा, तो स्वतः झटका देऊन जाईल.

आणि असे दोन झाले की मी रॉड गुंडाळतो. हा कायदा नाही, माझा हिशेब आहे. मोठ्या नदीत हजारांनी मासे येतात. एखाद्या ओढ्यात अख्ख्या हंगामात काही डझन जोड्या असतात. चांगल्या दिवशी एका वाकणावर पाच मासे अडवून बसणं म्हणजे त्यांच्या वाटेत नाका उभारणं. वलगणीच्या रात्री आम्ही पोरं पोतंभर मासे धरून आणायचो, आणि पुढे पुढे पोतं अर्धं राहू लागलं तेव्हा आजोबा नुसते अंगणातून बघायचे.

गोट्यांकडेही बघत चला. फेब्रुवारीनंतर डोहाच्या शेपटात एखादा घोंगडीएवढा भाग आजूबाजूच्या शेवाळी गोट्यांपेक्षा उजळ, घासल्यासारखा दिसेल, वरच्या बाजूला खळगा आणि खाली उंचवटा. मादीने शेपटीने उकरून त्यात अंडी पुरलेली असतात. त्यावर पाय पडला तर शेकडो अंडी चिरडतात. तिथे उभ्या असलेल्या जोडीला गळही टाकायचा नाही. ती जोडी दिसते, लागते, म्हणूनच टाकायचा नाही.

कायद्याचं एवढंच: ऑरेगनच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याची त्या वर्षाची पुस्तिका उघडून ओढ्याचं नाव शोधा. लायसन्ससोबत कम्बाइन्ड अँगलिंग टॅग लागतो. अनेक लहान ओढे ३१ मार्चला बंद होतात, काही वर्षभर बंद असतात, काही एका ठरावीक पुलापर्यंतच खुले. मधल्या काळातही बदल निघतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री खात्याची वेबसाइट बघा. काठाची जमीन बहुतेक खासगी, गवळ्यांची नाहीतर लाकूड कंपन्यांची. दार ठोठावून विचारलं तर टिलामूककडचे दूधवाले सहसा नाही म्हणत नाहीत. मी एका घरी दिवाळीचा डबा नेऊन देतो. तिथली आजी चकलीला काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही, पण डबा रिकामा परत येतो.

पाणी चार ते आठ अंश सेल्सिअस असतं. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीचा) पट्टा आवळलेला हवा, म्हणजे पडलात तरी आत पाणी भरत नाही. हायवे ६ वर घाटात पहाटे काळा बर्फ, म्हणजे डांबरावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर, असतो आणि बराच पट्टा फोनला रेंज नसते, तेव्हा कुठल्या ओढ्यावर कुठल्या पुलापाशी आहात हे घरी कागदावर लिहून ठेवा. ओढ्याच्या समुद्राकडच्या मुखाशी पाठ फिरवून उभे राहू नका. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट येते आणि वाळूवरचे भलेथोरले ओंडके उचलते. स्नीकर वेव्ह म्हणतात तिला, आणि या किनाऱ्यावर तिने माणसं नेली आहेत. जोराच्या वाऱ्यात अल्डरखाली थांबू नका.

राहिला मुलगा. गळ टाकायला त्याला आधी हायवे ५३ वरच्या निहेलम हॅचरीपाशी न्या, उत्तर फाट्यावर, डिसेंबर-जानेवारीत. तिथे गर्दी असते पण मासे असतात, पाय ठेवायला जागा असते आणि हॅचरी बघायला मिळते. लहान ओढ्यावर मात्र पहिल्या खेपेला मार्चमध्ये न्या, आणि त्या दिवशी रॉड गाडीतच राहू द्या. पाऊस थांबून तीन दिवस झालेले, पाणी काचेसारखं, दुपारी अकरा ते दोन, ऊन माथ्यावर. म्हणजे ज्या वेळी गळ टाकून काही उपयोग नाही तीच वेळ. डोहाच्या शेपटाच्या वर, काठावर फर्नच्या आडोशाने पोटावर पालथे पडा आणि उजळलेल्या गोट्यांवर नजर ठेवा. पाच मिनिटं काही दिसत नाही. मग एक सावली दगड नसते. मादी कुशीवर होऊन शेपटी आपटते, गोटे उडतात, बाजूला लाल पट्ट्याचा नर दुसऱ्या नराला हाकलत असतो. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, आणि दीड तास तिने खायला मागितलं नव्हतं. तरी डबा न्या, आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड.